आतडं मास्तरांची दोरी

बावड्याच्या शाळेत आम्हाला विज्ञान शिकवणारे मास्तर वर्षातून एकदा वर्गात दोरी घेऊन यायचे. विहिरीवरची जुनी, बावीस फुटांची. एक टोक स्वतः फळ्याशी धरायचे आणि दुसरं टोक देऊन एखाद्या मुलीला वर्गाबाहेर, थेट लिंबाच्या झाडापर्यंत पाठवायचे. मग म्हणायचे, "एवढं आतडं तुमच्या पोटात घडी घालून ठेवलंय. तुमाला साधी अंथरुणाची घडी घालता येत न्हाय." संडास, वारा सरणं असले शब्द ते खणखणीत उच्चारायचे. पोरं तोंडं दाबून हसायची. त्यावर त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, "अंगातल्या कशालाच लाजायचं न्हाय. लाजला त्यो मेला." गावानं त्यांचं नाव आतडं मास्तर ठेवलं आणि त्यांनी ते खुशाल ठेवू दिलं.

शिकवायचे विज्ञान, पण त्यांचा जीव शब्दांत अडकलेला. विशेषतः याच शब्दात. "संस्कृतात अन्त्र. म्हंजी आतलं," ते सांगायचे. "त्ये झिजून झिजून नुसतं आत राहिलं. मग आपल्या लोकांनी त्याला डं लावला. सापाची ती कात, आपलं ते कातडं. चाम, चामडं. रूप, रूपडं. डं लावला की वस्तू अंगाजवळ येती. अन्त्र म्हटलं की मेलेल्याचं वाटतं, आतडं म्हटलं की जित्याचं." हे सांगताना त्यांचा चेहरा असा उजळायचा की आम्हालाही आपल्या पोटात काही मौल्यवान आहे असं वाटायचं.

शब्दांसाठी ते कुठंही जायचे. गळ्यात माळ असलेला हा माणूस एकदा आठवडी बाजारात खाटकाच्या गाळ्यापुढं तासभर उभा राहिला. गावात बोभाटा झाला की मास्तर बाटले. ते मात्र बकऱ्याच्या कुठल्या भागाला वजडी म्हणतात आणि कुठल्याला नाही, एवढंच विचारून परतले होते. काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, दोन दिवस त्यांच्याशी अबोला धरला होता.

निरवांगी गावच्या एका म्हातारीचं बोलणं ते नेहमी सांगत. लेकीला सासरी धाडताना ती म्हणाली होती, "माझं आतडं तुटतंय गं." मास्तर त्या मांडवात पाहुणे म्हणून गेले होते. जेवणाचं ताट बाजूला सारून त्यांनी ते लग्नपत्रिकेच्या मागं लिहून घेतलं. "काळीज कुणासाठीबी हालतं," ते म्हणायचे. "आतडं फकस्त आपल्या माणसासाठी तुटतं." त्यांना स्वतःला मूलबाळ नव्हतं. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत आणि आम्हीही कधी विचारलं नाही.

मी पुढं सर्जन झालो, बारामतीत दवाखाना टाकला. तेव्हापासून रविवारी सकाळी त्यांचा फोन ठरलेला. "डॉक्टर, एक शब्द अडलाय." प्लीहेला आपल्याकडं काय म्हणतात, उचकी आणि ठसका यांत फरक काय, असलं काहीबाही. वर्षानुवर्षं हे चाललं. मला त्याचा अभिमानही होता आणि खरं सांगायचं तर कधीकधी कंटाळाही यायचा.

मागल्या वर्षी एका रविवारी त्यांनी विचारलं, "पोट फुगून दगड होतं, वारा सरत न्हाय, त्याला तुमच्या पुस्तकात काय म्हणत्यात?"

"आंत्ररोध, सर."

"वा! म्हंजी अन्त्र तितंबी हायेच. झ्याक शब्द हाय."

पंधरा दिवसांनी पुन्हा फोन. आठ दिवस बद्धकोष्ठ, मग जुलाब, मग पुन्हा बद्धकोष्ठ, असं कशानं होतं? मी म्हणालो, मोठ्या आतड्यात गाठ असली की होतं. ते म्हणाले, "गाठ. बरं." त्यानंतरच्या रविवारी त्यांनी विचारलं, "तुमी लोक म्हणता, पेशंट वेळेत आला तर वाचतो. वेळेत म्हंजी किती?" बाहेर पेशंट खोळंबले होते. "लगेच, सर," म्हणून मी फोन ठेवला.

दुसऱ्या कुणी हे विचारलं असतं तर मी पहिल्याच वाक्याला वय विचारलं असतं, कुणाला होतंय ते विचारलं असतं. आतडं मास्तरांना विचारलं नाही. त्यांचा शब्द अडलाय असंच मी धरून चाललो. तिन्ही वेळा.

महिन्यानं काकू त्यांना जीपमधून घेऊन आल्या. मास्तर ओळखू येईनात. पोट तेवढं पुढं आलेलं, बाकी नुसता सांगाडा. इतके दिवस घरात एरंडेल चालू होतं. मी काकूंवर ओरडलो, आधी का आणलं नाही म्हणून. त्या पदराला हात पुसत म्हणाल्या, "म्या लई म्हणलं. त्ये म्हणायचे, माझ्या इद्यार्थ्यापुढं असलं उघडं कसं पडायचं? फोनवर इचारतो म्हणाले. इचारलं न्हाय का त्यांनी?"

मी नर्सला ऑपरेशनची तयारी करायला सांगितलं.

ऑपरेशन मीच केलं. पोट उघडलं आणि करण्यासारखं फारसं उरलेलं नाही हे पाहिल्याबरोबर कळलं. तुंबलेल्याला वाट करून दिली आणि पोट शिवलं. शुद्धीवर आल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. "बघितलंस न्हवं? कसं दिसलं?"

"तुम्ही फळ्यावर काढायचा तसंच, सर."

ते समाधानानं हसले. मी विचारलं, "सर, मला सांगितलं का नाही?"

"लाजू नका म्हणून पोरांना सांगणं सोपं असतं रं," ते म्हणाले. "आन् तू विचारशील असं वाटलं." त्यांच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. पुढं सहा आठवडे जगले.

त्यांच्यानंतर तीनेक महिन्यांनी, अशाच एका रविवारी सकाळी, फोनवर मास्तरांचा नंबर उमटला. काकू होत्या. "डॉक्टर, ह्यांची ती दोरी हाय. शाळेत देऊ का टाकून देऊ?"

बाहेर पेशंट बसलेले. शाळेत द्या, असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी थांबलो.

"काकू, तुम्ही जेवता ना वेळेवर?"



"न्हाय रं बाबा," त्या म्हणाल्या. "घासच उतरत न्हाय."

"कधीपासून?" मी विचारलं. त्या सांगत राहिल्या. फोन कानालाच ठेवून मी पेशंटांना उद्या यायला सांगितलं आणि बावड्याला निघालो.