राकेसाचा प्रश्न

मॅट्रिकच्या वर्षी ब्रह्मपुरीच्या शाळेत आम्ही नाटक बसवलं. राकेस म्हणजे आमच्याकडचा सैतान. त्याच्या गोष्टी मुलांनी आपापल्या गावांहून आणल्या, मराठीच्या गुरुजींनी त्या जोडल्या. राकेस नदीच्या उतारावर बसतो आणि येणाऱ्याला एकच विचारतो, कोणाला मागं टाकून आलास? खरं सांगेल त्याला वाट मिळते, खोटं बोलेल त्याची वाचा जाते. राकेस मी होतो. पुठ्ठ्याचा मुखवटा आणि अंगावर घोंगडं.

वडील एटापल्लीकडे जंगलात नाकेदार, म्हणजे वनरक्षक होते. वाघाच्या रानात एकटे हिंडायचे. नाटकासाठी ते दोन दिवसांचा प्रवास करून आले आणि दुपारी शाळेच्या मांडवात तिसऱ्या रांगेत बसले.

तीन वाटसरू खोटं बोलून मुके झाले, लोक खूप हसले. मग मी पुढे येऊन प्रेक्षकांना विचारलं, "आता तुम्ही सांगा. कोणाला मागं टाकून आलात?"

इथे पडदा पडायचा होता. पण वडील हात जोडून उभे राहिले.

"माह्यासंगच्या मजुराले अस्वलानं धरलं होतं," ते म्हणाले. "माह्या हातात कुऱ्हाड होती. तो मले हाका मारून राह्यला होता. मी पळालो."

लोकांना तो नाटकाचाच भाग वाटला. टाळ्या पडल्या. गुरुजी आतून मला वाक्य सुचवत होते, खरं बोललास, वाट घे. मी मुखवट्यातून वडिलांकडेच बघत होतो. त्या मजुराला मी ओळखत होतो. लहानपणी तो मला खांद्यावर बसवून नाला पार करून द्यायचा. तो एकटाच रानात गेला आणि अस्वलानं त्याला मारलं, असं वडिलांनी तेव्हा सगळ्यांना सांगितलं होतं.

पडदा पडल्यावर हेडमास्तरांनी वडिलांच्या कामाची तारीफ केली. मी त्यांना बाजूला नेऊन विचारलं, हे खरं आहे का. त्यांनी मान हलवली. उद्या आरमोरीकडे जातो, त्याच्या बायकोला सांगतो, म्हणाले. मीही गेलो.

ती अंगणात धान पाखडत होती. वडिलांनी उभ्यानंच सगळं सांगितलं. तिनं सूप खाली ठेवलं. मला वाटलं, आता रडेल, शिव्या देईल. तिनं एवढंच विचारलं, "किती वेळ हाका मारत होता?"

"मले माहीत नाई, बाई. मी कान दाबून पळालो."

ती उठली, आत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. धान तसंच पडलं होतं, कोंबड्या त्यात शिरल्या. त्यांना हाकलायचंही आम्हा दोघांना सुचलं नाही.

परतीच्या बसमध्ये वडिलांच्या शेजारी जागा होती. मी मागं जाऊन बसलो.