कुंडलिकचा उलटा हात

आमच्या बाथरूममधला एक्झॉस्ट फॅन दोन महिने कण्हत होता. मी लक्ष दिलं नाही. हल्ली माणसं कण्हली तरी कोणी बघत नाही, पंख्याचं काय घेऊन बसलात. मग ऑक्टोबरातल्या एका शुक्रवारी सकाळी तो अर्धा फेरा मारून थांबला, जळका वास आला, आणि मी कुंडलिकला फोन लावला.

कुंडलिक म्हणजे मुलुंड पूर्वेच्या आमच्या सोळा घरांच्या सोसायटीचा इलेक्ट्रिशियन. मूळचा जालन्याकडचा. शहाऐंशी साली मुंबईत आला, भांडुपच्या एका मोटर वाइंडिंगच्या दुकानात राबून काम शिकला. चौदा एप्रिलला त्याच्या वस्तीतली रोषणाई आजही तोच करतो, आणि त्या दिवशी तुमच्या घरात अंधार पडला तरी तो येणार नाही. वय माझ्याएवढंच, साठीला टेकलेलं. मी टेलिफोन एक्स्चेंजमधून रिटायर झाले, तो मात्र रिटायर व्हायचं नाव घेत नाही. मी त्याला अरे म्हणते, तो मला ताई म्हणतो. सोसायटीची सेक्रेटरी मीच असल्यामुळे माझं ओरडणं त्याला सवयीचं आहे.

त्याच्या दोन खोडी आहेत. काम झालं की माळ्यावर आतल्या भिंतीला पेन्सिलीनं 'कुं.' आणि तारीख लिहितो. दुसरी म्हणजे कामाच्या आधी आणि नंतर नळाला ओला हात लावून बघतो, तोही उलटा. टेस्टर खिशाला असतो, पण विश्वास हातावर. मला एकदा म्हणाला होता, "तळहात लावला ना ताई, तर करंट मूठ आवळतो, सोडत नाही. उलटा लावला की हात आपोआप झटकला जातो." मी म्हटलं, मरशील मेल्या एक दिवस. तर हसून म्हणाला, "आधी माझा हात, मग तुमचा."

त्या शुक्रवारी तो आला, चपला दाराबाहेर काढल्या, स्टूल मागितलं. आमच्या बाथरूमला छताखाली माळा आहे. माळ्यावर गिझर आणि शेजारच्या झरोक्यात फॅन. दोन्ही त्यानंच दोन हजार तीन साली बसवलेले. "फॅन गेला ताई. गिझर पण म्हातारा झालाय, दोन्ही बदलून टाकू," म्हणाला. कपडे भिजवायचे म्हणून मी गिझर लावून ठेवला होता. सवयीप्रमाणे त्यानं हात ओला करून नळाला उलटा लावला.

हात झटकला गेला. त्यानं पुन्हा लावला. पुन्हा झटकला. मी दारातून बघत होते, त्याचा चेहराच उतरला. हळू आवाजात म्हणाला, "ताई, गिझरचं बटण बंद करा. आणि आत पाय ठेवू नका."

मग तो स्टुलावर चढला. गिझरमधून निघणारी हिरवी वायर बोटानं धरत धरत भिंतीपर्यंत गेला. ती वायर एका पांढऱ्या पाइपाला तीन वेढे घालून घट्ट बांधलेली होती.

"हे कोणी बांधलं?"

"प्लंबरनं. मे महिन्यात सगळ्या बिल्डिंगचे पाइप बदलले ना आपण. मीच त्याला दम दिला होता, कुंडलिकचं काही काढून टाकशील तर बघ, जसं होतं तसं परत लाव म्हणून. त्यानं अगदी तस्संच लावलं."

कुंडलिक खाली उतरला आणि पालथ्या बादलीवर बसला. तेवीस वर्षांत त्याला आमच्या घरात बसलेला मी पहिल्यांदा बघत होते.

"तुमच्या बिल्डिंगला अर्थिंगच नव्हतं ताई. मी अकरा घरांत गिझर बसवले, सगळ्यांची हिरवी वायर नळाच्या लोखंडी पाइपाला बांधली. पाइप खाली जमिनीत जायचा. गिझरमध्ये करंट फुटला तर वायरीनं पाइपात, पाइपातून मातीत. तेव्हा सगळे असंच करायचे. आता पाइप प्लास्टिकचा आहे."

"मग?"

"मग त्याला जायला वाटच नाही. टाकीत बसून राहतो. गिझरपासून नळापर्यंतचा हातभर तुकडा लोखंडीच ठेवलाय ना, त्यातनं नळात येतो. कोणीतरी ओल्या पायांनी नळ धरेपर्यंत बसून राहतो."

"अरे, पण पाच महिने आम्ही रोज आंघोळी करतोय."

"बटण बंद करून करता ना?"

तशीच करतो. आईनं लहानपणापासून बजावलेलं, आधी बटण बंद, मग आंघोळ. घरोघरी हेच शिकवतात.

"त्यानं वाचलात," कुंडलिक म्हणाला. "माझ्या कामानं नाही."

आणि मला दुसऱ्या मजल्यावरच्या चंपाआजी आठवल्या. दोन महिने म्हातारी सांगत होती, माधुरी, नळ धरला की बोटांना मुंग्या येतात गं. मी म्हटलं होतं, वय झालं आजी, बी-ट्वेल्व्ह कमी असेल. गोळ्यांची पट्टी मीच आणून दिली होती. 

आम्ही दोघं वर निघालो. जिन्यात चेअरमन सुबोध भेटला. त्याला सगळं सांगितलं. त्यानं पाइप बदलायचं काम स्वतः उभं राहून करून घेतलेलं, त्यामुळे आधी त्याचं तोंड वाकडं झालं. "काकी, पॅनिक नको करू. रविवारी मीटिंग लावू, ग्रुपवर मेसेज टाकतो."

"रविवारपर्यंत लोक काय पारोसे बसणार आहेत?" मी म्हटलं आणि त्याला बाजूला सारलं.

आजींच्या दाराशी गेलो तर आत त्यांच्या बाथरूमचा फॅन घरघरत होता. बेल वाजवली. कोणी येईना. फॅन मात्र चालूच. मी दारावर थापा मारत राहिले, कुंडलिक कडीकडे नुसता बघत उभा होता. एक मिनिट गेलं असेल, मला ते सरता सरेना. मग दार उघडलं. खांद्यावर टॉवेल, हात ओले. "अगं, आंघोळीला जात होते. काय झालं?"

कुंडलिक थेट आत गेला. गिझरचा लाल दिवा पेटलेला होता, आजी बटण बंद करायचं विसरल्या होत्या. त्यानं नळाला उलटा हात लावला आणि तो हात असा फेकला गेला की भिंतीवर आपटून मनगटावरच्या घड्याळाची काच फुटली. आजी त्याच्याकडे बघतच राहिल्या. बटण बंद करून त्यानं आधी गिझरची करंटची वायर कापली, मग ती हिरवी. निघताना आजींनी विचारलं, "मग आता मुंग्या जातील ना रे?"

"जातील आजी," तो म्हणाला.

संध्याकाळपर्यंत अकराही गिझर बंद झाले. मी चहा ठेवला. मला वाटलं, सुटलो. कुंडलिकनं कपाला हात लावला नाही.

"ताई, आणखी आहेत."

"कुठे?"

"मुलुंडला, विक्रोळीला, घाटकोपरला. तेवीस वर्षं मी पाइपालाच बांधत आलो. जुन्या बिल्डिंगी सगळ्या. आणि आता सगळीकडे पाइप बदलतायत."

"कुठे कुठे ते लिहून ठेवलंयस ना?"

"माळ्यावर लिहिलंय," तो म्हणाला. त्याचं त्यालाच ऐकून कसंतरी झालं असावं, कारण तो उठून गेला.

दुसऱ्या दिवसापासून त्यानं नवी कामं घेणं सोडलं. स्कूटर काढायची, जुन्या बिल्डिंगींच्या मागच्या गल्लीत शिरायचं आणि मान वर करून बघायचं. गंजलेले पाइप दिसले की पुढे. पांढरे दिसले की जिना चढायचा. पण लोक दार उघडेनात. पिशवी घेऊन एक माणूस येतो आणि म्हणतो, तुमच्या माळ्यावर माझी सही आहे का बघू द्या. कोण घेणार घरात? एकानं तर वॉचमन बोलावला. चार दिवसांनी तो माझ्याकडे आला. "ताई, तुम्ही सोबत चला. बाईमाणूस बघून उघडतील."

माझे गुडघे दुखतात, उन्हानं डोकं धरतं, आणि मी त्याला हे सगळं ऐकवलंही. पण प्लंबरला दम मीच दिला होता. ते मला रात्री झोपू देत नव्हतं. मी गेले.

तीन आठवड्यांत आम्ही बेचाळीस गिझरांच्या वायरी कापल्या. काहींच्या नळात करंट होता, काहींच्या नव्हता. कुंडलिक प्रत्येक ठिकाणी उलटा हात लावायचा. मी म्हटलं, अरे टेस्टर लाव ना आता तरी. ऐकलं नाही. हाताच्या पाठीवर त्याच्या डाग पडले होते. शकुवहिनी, म्हणजे त्याची बायको, मला फोन करून म्हणाली, ताई, हे जेवायला बसतात आणि मध्येच उठून वहीत कुठल्यातरी गल्लीचं नाव लिहितात.

घाटकोपरची एक बिल्डिंग शेवटी राहिली होती. मागच्या भिंतीवर नवेकोरे पांढरे पाइप. तिसऱ्या मजल्यावर पन्नाशीच्या एका माणसानं दार उघडलं आणि कुंडलिकला लगेच ओळखलं.

"अरे, कुंडलिकभाऊ. या, या. तुम्हाला कळलं वाटतं?"

भिंतीवर एका बाईचा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. विशाल त्याचं नाव, आणि फोटोतली सपना, त्याची बायको.

"जुलैमध्ये गेली. आंघोळीला म्हणून गेली, ती बाहेर आलीच नाही. चव्वेचाळीस वर्षांची होती. हार्ट अटॅक, डॉक्टर म्हणाले. कधी साधं डोकं दुखलं नाही हो तिचं."

कुंडलिकनं विचारलं, "पाइप कधी बदलले?"

विशालला प्रश्न विचित्र वाटला असणार. "जूनमध्ये. का हो?" मग स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला, "करंटला फार भ्यायची ती. पण तुमचं नाव घेऊन सांगायची, कुंडलिकभाऊंनी केलंय ना, मग बघायला नको."

बाथरूमच्या दारातून मला लाल दिवा दिसला. मी विचारलं, गिझर चालू आहे? "हो, निधीसाठी लावलाय. मुलगी माझी. चारला कॉलेजमधून येते, आली की आधी हातपाय धुते."

पावणेचार झाले होते.

कुंडलिक आत गेला, मी त्याच्या मागे. त्यानं हात ओला केला आणि नळाला लावला. हात झटकला गेला. त्यानं बटण बंद केलं, स्टूल ओढलं, वर चढला. पांढरा पाइप, तीन वेढे, हिरवी वायर. बाजूला भिंतीवर पेन्सिलीनं 'कुं. ९-२-११'.

मी त्याचा शर्ट धरून कुजबुजले, "सांगू नकोस रे. वायर काप आणि चल. ती काय परत येणार आहे? आणि खरंच अटॅक असेल तर?" हे मी म्हटलं. खोटं कशाला बोलू, मला तिथून पळायचं होतं.

त्यानं दोन्ही वायरी कापल्या. खाली उतरून घाम पुसला. मग हाक मारली, "विशालभाऊ, जरा इकडे या."

त्यानं विशालला स्टुलावर चढायला लावलं आणि स्टूल दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

"आत भिंतीवर काय लिहिलंय, वाचा."

विशालनं वाचलं. "ही तर तुमची सही."

"हो," कुंडलिक म्हणाला. "आणि ही कापलेली हिरवी वायर पण मुळात मीच बांधलेली." मग त्यानं सगळं सांगितलं. पाइप, माती, नळ. मला सांगितलं होतं त्याच शब्दांत, काही न गाळता. विशाल वरच उभा होता, एक हात माळ्याच्या कडेला. तो खाली उतरेना आणि कुंडलिक स्टूल सोडेना.

चार वाजता बेल वाजली. दोघांपैकी कोणी हललं नाही, म्हणून दार मी उघडलं.