पायऱ्यांच्या विहिरीचं तीर्थ

त्या वर्षी चैत्रातली पौर्णिमा झाली आणि चार-सहा दिवसांत आमच्या गावात मरी शिरली. पटकीला आमच्याकडे मरीच म्हणत. सकाळी वावरात गेलेला माणूस दिवस मावळायच्या आत तिरडीवर असायचा. मी दत्त महाराजांना मानणारा शेतकरी, पण खोटं कशाला बोलू, त्या दिवसांत माझा विश्वास डळमळला होता. गावासाठी एवढं झटलो, त्याचं हेच फळ का, असं सारखं मनात यायचं. चिडून मी दोन दिवस देवापुढे दिवासुद्धा लावला नाही.

माझं शेत सारंगखेड्याच्या वाटेला लागून, आणि शेतात पायऱ्यांची जुनी विहीर. सप्तशृंगीच्या गडावर पायी जाणारे यात्रेकरू चैत्रात याच वाटेने जात-येत. उन्हाने करपलेल्या या माणसांसाठी मी विहीर मोकळी ठेवली होती. दोराने शेंदून किती जणांना पुरं पडणार? म्हणून मी म्हणायचो, खाली उतरा, हातपाय धुवा, पोटभर प्या. देवीला भेटून आलेले पाय माझ्या विहिरीत धुतले जातात, याचा मला केवढा गर्व! मी त्या पाण्याला तीर्थच म्हणू लागलो. गावात मरी आल्यावर तर रोज सकाळी कळशी खांद्यावर घेऊन घरोघर तांब्या-तांब्या वाटत फिरलो. शेजारच्या झिपरूची म्हातारी आई ठणठणीत होती. तिला मरी शिवू नये म्हणून मी तिला न चुकता तीर्थ पाजत होतो. तीही गेली.

मग गावाने शीव बंद केली. बाहेरच्या कुणाला आत घ्यायचं नाही असं ठरलं आणि एका सकाळी पहाऱ्याची पाळी माझी आली. नवापूरकडच्या डोंगरातलं एक उतारवयाचं जोडपं मजुरी आटोपून पायी घरी चाललं होतं. बाईच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला लाकडी क्रूस होता. तो पाहून मी जरा जास्तच जोरात ओरडलो, "गावमा येऊ नका! वावरना बांधवरतीन जा!" बाईने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि दोघं निमूटपणे माझ्याच शेताच्या बांधाने वळली. आपण गाव राखलं असं वाटून मी मिशीवरून हात फिरवला.

तेवढ्यात घरून सांगावा आला की घरची आडवी झाली आहे. मी धावतच सुटलो. दाराशी पोचलो तेव्हा तिला उलट्या-जुलाब सुरू होऊन तास-दीड तास झाला असेल, पण माझ्या बायकोचा चेहरा मला ओळखू येईना. डोळे खोल गेलेले, पोटऱ्यांना गोळे, बोटांची कातडी पाण्यात भिजल्यासारखी सुरकुतलेली. "माले पानी द्या," ती म्हणाली, "जीव जळी ऱ्हायना." मी तीर्थाच्या कळशीतून पेला भरून पाजला. ते पाणी लगेच उलटीतून बाहेर पडलं. देवाचं नाव घेत दुसरा भरला आणि तिच्या ओठांशी नेला, तर मागून एक हात आला आणि पेल्याच्या तोंडावर आडवा बसला.

तीच बाई होती. विहिरीवरच्या लोकांकडून तीर्थाचं ऐकून, माझ्या मागोमाग शीव ओलांडून, माझ्या घराचा उंबरा ओलांडून आत आली होती. दारात तिचा नवरा अवघडून उभा होता.

"भाऊ, तुन्ही विहीर देखी मी," ती म्हणाली. "लोक पाय धोतस, तेच पानी पेतस. याच पानीमा मरी शे. हाई पाजू नको."

मी तिला काय काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. धर्म बाटवायला आलीस का, इथपर्यंत माझी जीभ गेली. तिने हात काढला नाही. बायको पाण्यासाठी तळमळत होती, पेला माझ्या हातात होता आणि मी नुसता उभा होतो. आज कबूल करतो, तिचं म्हणणं मला त्याच क्षणी पटलं होतं. यात्रा परतली, मग मरी आली. आधी माझ्या शेताजवळच्या घरांत आली. ज्यांना मी तीर्थ दिलं त्यांच्याच घरांतून प्रेतं निघाली. सगळं समोर दिसत होतं. पण ते मानायचं म्हणजे झिपरूच्या आईला मी मारलं हे मानायचं होतं. त्यापेक्षा बायकोला पेला पाजावा आणि काय व्हायचं ते देवावर सोडावं, हे मला सोपं वाटत होतं! माणूस एवढा हलकट होऊ शकतो, हे मला त्या दिवशी स्वतःकडे पाहून कळलं.

बायकोने डोळे उघडून माझ्याकडे पाहिलं. माझ्या मनातून आपोआप निघालं, महाराज, माझं पुण्य गेलं चुलीत, हिला राखा. मी पेला अंगणात ओतला आणि त्या बाईला म्हणालो, "तू सांगशी तसं करू."

तिच्या नवऱ्याने आणि मी नदीच्या कोरड्या वाळूत कंबरभर झिरा खोदला. त्यात हळूहळू साठलेलं पाणी आणून बाईने खळखळ उकळलं, तांदळाची पातळ पेज केली, मीठ घातलं आणि चमच्याने पाजायला बसली. उलटून पडलं की थांबायची, मग पुन्हा एक चमचा. दुपारी बायकोची नाडी हाताला लागेनाशी झाली. मी भिंतीला डोकं टेकून रडलो. बाईने मला रागावून चुलीत लाकूड सारायला सांगितलं. मी सारलं. ऊन कललं, अंगणातल्या निंबाची सावली भिंतीवर चढली, आणि घरचीला लघवी झाली. ती बाई एकदम हसली. "आते वाचनी हाई," ती म्हणाली.

मी तिच्या पायाशी वाकलो तर ती मागे सरकली. "मी देवी नही, भाऊ. मन्ह्या दोन पोरी मरीमा ग्यात. मंग मी मिशनना दवाखानामा पानी उकळाले ऱ्हायनू, तठे शिकनू." एवढंच बोलून तिने डोक्यावर बोचकं ठेवलं. मी तिला बांधावरून पिटाळलं नसतं तर तिने विहीर पाहिलीच नसती. हे कुणी घडवलं, यावर मी कुणाशी वाद घालत नाही.

ती दोघं दिसेनाशी झाल्यावर मी झिपरूच्या दाराशी गेलो. घरात शिरायची हिंमत होईना. बाहेरूनच सगळं सांगितलं. "तुन्ही माय मन्हा पानीवर गई," असं म्हणालो. झिपरू उठला. मग आत गेला. मला वाटलं कुऱ्हाड आणतोय. खरोखरच आणली, पण दुसऱ्या हातात आईच्या उशाशी राहिलेला तीर्थाचा तांब्या होता. तो त्याने माझ्या पायांजवळ उपडा केला.

"चाल, आबा," तो म्हणाला, "बोराट्या तोडूत. पहिले विहीर झाकूत."

बोरीच्या काट्यांनी आमचे हात रक्ताळले, पण दिवस बुडायच्या आत पायऱ्या बंद झाल्या. पुढे कितीतरी दिवस आम्ही दोघांनी झिऱ्याचं उकळलेलं पाणी घरोघर पोचवलं. विहिरीत लाल दवा टाकणारा सरकारी माणूस आला, तोवर मरी ओसरू लागली होती. मला माफ केलं असं झिपरू कधी म्हणाला नाही, आणि मीही विचारलं नाही. आता देवापुढे हात जोडले की मी सेवेला बळ मागत नाही. एवढंच म्हणतो, महाराज, मी चुकत असेन तेव्हा मला अडवणारं माणूस दारात धाडा, आणि त्याचं ऐकण्याइतका मला लहान ठेवा.