उकंडरावांची जीभ

पहाटे पावणेपाचला झुंबरबाईंनी अतिविषाचा तुकडा जिभेवर ठेवला. चूळ भरून झाली होती, पोटात चहाही नव्हता. अतिविष नुसतं कडू असतं. तान्ह्या मुलांना जुलाबावर उगाळून देतात. त्यात कधी बचनागाचं मूळ मिसळून येतं. दिसायला जवळपास तसंच, पण जीभ बधिर करतं. पोटात गेलं तर मूल हाती लागत नाही.

आधी कडू लागलं. मग ओठांना मुंग्या आल्या. त्या थुंकल्या.

१९३८ साली खामगावात महादेवरावांच्या काष्ठौषधींच्या दुकानातला माल उकंडरावांच्या जिभेवर विकला जाई. मेहकरपासून सोनाळ्यापर्यंतचे वैद्य एवढंच विचारत, "उकंडरावांनी चाखला ना?" ती जीभ तंबाखू-चुन्यानं केव्हाच मेली होती. उकंडराव नमुने धोतराच्या सोग्यात बांधून घरी आणत, बायको चाखी, आणि दुसऱ्या दिवशी गादीवर बसून ते डोळे मिटून निकाल सांगत. त्यापायी झुंबरबाईंनी मिरची सोडली होती. शेजारणी हसत, "आजाऱ्याचं जेवण जेवता काऊन वो?"

त्यांनी नवऱ्याला हलवून उठवलं.

"यात बचनाग हाये."

"कालच पास केला म्या. मालक समोर, मेहकरचं गिऱ्हाईक समोर. घरी नेऊन सांगतो म्हणू काय?"

"पोतं कुठी हाये?"

"सकाळच्या मोटरनं मेहकरले चाललं."

"थांबवा मंग."

"अन् काय सांगू? माही जीभ मेली म्हणून?"

"माही जित्ती हाये ना. तिचं सांगा."

"तू गप राह्य." उकंडरावांनी तंबाखूची चंची उघडली.

गोदाम उघडायच्या वेळेला झुंबरबाई पदर सावरून एकट्याच दुकानावर गेल्या. माल खरा कोण चाखतं ते त्यांनी सांगितलं. महादेवरावांनी ऐकून घेतलं, हसले, आणि कागदावर चार मुळं मांडली. एक त्यांच्या पेटीतल्या बचनागाचं होतं. झुंबरबाईंनी एकेक जिभेला लावलं, थुंकलं, थांबल्या. तिसरं बोटानं बाजूला सारलं. महादेवरावांचं हसू गेलं. त्यांनी माणूस पिटाळून पोतं मोटरवरून उतरवलं. गिऱ्हाइकाला निरोप गेला: माल दमट निघाला.

उकंडराव पोचले ते मान खाली घालून. नोकरी गेली असंच धरून आले होते.

"बसा गादीवर," महादेवराव म्हणाले. "गिऱ्हाईक तुमच्या नावानं येते. बाईच्या जिभेवर कोणता वैद्य माल घेईन? बाई, तुमी मागच्या दारानं गोदामात या. तिथंच चाखा. कोणाले दिसू नका."

"म्हंजे म्या चाखाचं, अन् यायनं डोये मिटाचे?"

"आतापरेंत काय चालू होतं?"

उकंडराव मोठ्यानं हसले आणि गादीवर जाऊन बसले. बायकोकडे त्यांनी पाहिलं नाही. झुंबरबाईंनी तोंड धुवायला पाणी मागितलं. ओठ अजून जागेवर आले नव्हते.

उद्या वावडिंगाची पोती फोडायची आहेत. झुंबरबाईंसाठी गोदाम साडेसहाला उघडतं, उकंडरावांसाठी दुकान आठला.