बर्नरमधला भाडेकरू

नॉटिंगहॅमला आमच्या शेजारी राहणारे काका गॅसची कामं करून रिटायर झाले होते. कुठलंही यंत्र बिघडलं, की ते आधी त्याला कान लावायचे आणि बाकीच्यांना गप्प बसवायचे. स्वतः मात्र मधूनमधून "येस, येस, बोल" म्हणायचे.

एका जूनमध्ये आमच्या कॅम्परव्हॅनमधला, बर्नरच्या ज्योतीवर गार होणारा गॅसचा फ्रिज पेटेना. दुसऱ्या दिवशी वेल्सला निघायचं होतं आणि बायकोनं डबाभर श्रीखंड करून ठेवलं होतं. मी सिलिंडर बदलला, वैतागून फ्रिजला दोन थपडाही लगावल्या. शेवटी काकांना बोलावलं.

त्यांनी कान लावला. "आत कुणीतरी राहतंय," म्हणाले. मग गॅस बंद केला, बर्नर सोडवला आणि बारीक ब्रशनं नळीतून कोळ्याचं जाळं बाहेर ओढलं. मागोमाग कोळीही आला.

मी चप्पल उचलली.

"अहो, थांबा! सिटिंग टेनंट आहे तो. दुसरी जागा दिल्याशिवाय काढता येत नाही." त्यांनी त्याला चष्म्याच्या केसमध्ये घेतलं आणि स्वतःच्या शेडमध्ये नेऊन सोडलं. त्यानंतरच परत येऊन फ्रिज पेटवला. ज्योत निळीशार.

पुढच्या उन्हाळ्यात फ्रिज पुन्हा अडला. या वेळी जाळं मीच काढलं, कोळी पेल्यात धरला आणि कुंपणावरून काकांकडे दिला.

"घ्या, तुमचा टेनंट परत आला."

काकांनी चष्मा चढवून त्याला नीट न्याहाळलं.

"छे हो, हा नवीन आहे. आपला सकाळीच भेटला मला, शेडमध्ये."