राहिलेली आरोळी

कोरमंगलातल्या माझ्या कराटे क्लासची फरशी आज कुणीतरी फिनेलनं पुसली होती. वास आला आणि मी दारातच थबकले.

पंच्याण्णव-शहाण्णव सालची दुपार. दवाखान्याच्या खाटेवर अण्णा, माझा थोरला भाऊ. याच शहरातल्या शिवाजीनगरच्या आमच्या गच्चीवर त्यानंच मला कराटे शिकवलं. पुढं क्लास काढायचं स्वप्नही त्याचंच. "नवा काता करून दाखव," तो म्हणाला. दोन खाटांच्या मधे, गार फरशीवर अनवाणी, मी कात्यातले ठरलेले हात, ठोसे एकेक करत गेले. कात्याच्या शेवटच्या ठोशाला पोटातून आरोळी द्यायची असते, त्याशिवाय तो पुरा होत नाही. मी ओठ मिटूनच ठोसा मारला.

"आरोळी कुठाय गं?"

"लोक झोपलेत, अण्णा."

"सरी, ठीक आहे," तो हसला. "काता स्वल्प, थोडासाच राहिलाय बघ. मी घरी आलो की ऐकव."

अण्णा घरी आलाच नाही.

आज मुलांच्या आरोळीनं हॉल दणाणला. "पोटातून!" मी दरडावते, अगदी त्याच्यासारखी. स्वतः मात्र अजून एकदाही दिलेली नाही. दिली, तर तो काता संपेल.