तायडे सरांचा तास

पंजाबराव तायडे यांनी अमरावतीहून ये-जा करत मूर्तिजापूरच्या एका शाळेत आयुष्यभर चित्रकला शिकवली, असं त्यांच्या निरोप समारंभात सांगण्यात आलं. वस्तुस्थिती अशी, की वेळापत्रकात चित्रकला असे आणि वर्गात गणित. दहावीचा पोर्शन मागे पडला की गणिताचे सर दारात येऊन उभे राहत. "तायडे सर, आजचा तास देता का?" तायडे सर देत. गणिताचं भागलं की इंग्रजी, इंग्रजीचं भागलं की स्कॉलरशिपवाले, आणि कोणीच नसलं तर गॅदरिंगचा नाच बसवणाऱ्या मॅडम. मुख्याध्यापक भाषणात म्हणाले, 'तायडे सर म्हणजे सहकार्याची मूर्ती.' सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. गणिताच्या सरांनी जरा जास्तच.

जे काही तास हाताशी उरत त्यांत सर एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षांची तयारी करून घेत, आणि त्यातूनही थोडा वेळ काढून वर्गाला एक चित्र दाखवत. व्हॅन गॉगचं 'बटाटे खाणारे'. टेबलाभोवती बसलेलं शेतकरी कुटुंब, वर टांगलेला दिवा, मधोमध बटाट्यांचं ताट. सरांकडे होती ती झेरॉक्सची झेरॉक्स. तिच्यात दिवा सोडला तर बाकी सगळं डांबर. "सर, यांची लाइन गेली का?" हा प्रश्न दर वर्षी ठरलेला. सर सांगत, की बाबांनो, खरं चित्र एवढं काळं नाही; त्यात हिरवट आहे, मातकट आहे, त्या लोकांच्या हातांवर उजेड पडलेला आहे. हे त्यांनी वाचलेलं होतं. पाहिलेलं नव्हतं. न पाहिलेल्या रंगांबद्दल वर्गासमोर छातीठोकपणे बोलताना आपण खोटी साक्ष देतो आहोत, असं त्यांना वाटत राही. ते हात एकदा स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचे. बाकीचा युरोप राहिला तरी त्यांची तक्रार नव्हती.

योग आला तो मुलीमुळे. दीक्षा आणि तिचा नवरा सुगत, दोघंही ॲमस्टरडॅमजवळ कंपनीत. नातू झाला तेव्हा त्यांनी दोन्ही घरच्यांना बोलावलं. सरांच्या पत्नी मैनाबाई अमरावतीहून हलल्या नाहीत. "मले बडनेऱ्याच्या बसमधी उलटी होते, इमानात काय होईन?" असं म्हणून त्यांनी विषय मिटवला. त्यामुळे गेले दोघं: अमरावतीचे तायडे सर आणि अकोल्याच्या केशरबाई. केशरबाई म्हणजे सुगतची आई, अर्थात सरांची विहीण.

सरांच्या वडिलांनी छप्पन साली नागपूरला जाऊन बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. त्या घराने तेव्हापासून पुष्कळ काही मागे टाकलं. मुहूर्त गेले, नवस गेले, हुंडा गेला. विहिणीचा मान मात्र राहिला. तो टाकायचं कोणाला सुचलं नसावं. मुलाच्या आईपुढे मुलीच्या बापाने 'नाही' म्हणायचं नाही, हे सरांना कोणी शिकवलं नव्हतं. आणि ज्या माणसाला गणिताच्या सरांना कधी 'नाही' म्हणता आलं नाही, त्याला ते शिकवायची गरजही नव्हती.

सुगतने सगळ्यांना आधी पॅरिस फिरवून आणलं. तिथलं जगप्रसिद्ध म्युझियम बाहेरूनच झालं. आत जायची रांग पाहून केशरबाई म्हणाल्या, "येवढी लाइन? फुकट वाटून राहिले काय काही?" सर म्हणाले, "तुम्ही म्हणाल तसं, बाई." तिथला फोटो आहे. केशरबाई काचेच्या पिरॅमिडचं टोक चिमटीत धरून उभ्या आहेत, आणि शेजारी सर त्यांची पर्स धरून.

ॲमस्टरडॅमला असं होणार नाही, असं सरांनी मनाशी ठरवलं होतं. व्हॅन गॉगच्या म्युझियमला ठरल्या वेळेचं तिकीट लागतं. सुगतने दुपारनंतरचं काढलं होतं, मुक्कामाच्या शेवटच्या दिवशीचं, कारण दुसरं मिळालंच नाही. सर सकाळीच बूट घालून सोफ्यावर बसले. केशरबाईंनी आधी एक साडी नेसली, ती फोटोत उठून दिसत नाही म्हणून दुसरी नेसली, मग डब्यात ठेचा-भाकर भरली. म्युझियमच्या दारात डबा आत नेता येत नाही असं कळलं. तो सामानघरात ठेवायला केशरबाई तयार होईनात. "अन् कोनी खाल्ला तं?" शेवटी सुगतने मध्यस्थी केली. या सगळ्यात अर्धी दुपार गेली.

आत गेल्यावर पहिल्या मजल्यावर बाळ रडायला लागलं. दीक्षा त्याला पाजायला खाली गेली, सुगत बाबागाडी घेऊन तिच्या मागे. जाताना दीक्षा म्हणाली, "बाबा, आईंकडे लक्ष ठेवा हं." सरांनी मान हलवली. पुढच्या दालनाच्या दारातून पाठमोऱ्या माणसांची गर्दी दिसत होती, आणि ती कशासमोर उभी आहे हे सरांना नकाशा न बघता माहीत होतं. इतक्या वर्षांचं ते चित्र दहा पावलांवर आलं, तसे ते चालता चालता जरा थबकले.

"माहा गुडघा दुखून राह्यला," केशरबाई म्हणाल्या आणि भिंतीजवळच्या बाकावर बसल्या.

"बसा ना बाई. घाई काय आहे?" सर म्हणाले. हे वाक्य त्यांच्या तोंडून आपोआप निघालं, जसं 'घ्या ना तास' निघायचं. मग एकट्या बाईमाणसाला परक्या मुलखात बाकावर टाकून जायचं कसं, म्हणून तेही बसले.

केशरबाईंना इवाई, म्हणजे व्याही, असा निवांत कधी सापडलाच नव्हता. लग्नात गडबड, नंतर फोनवर रेंज नाही. त्यांनी सुरुवात कूलरपासून केली.

"एक बोलू का इवाई? राग नका मानू. लग्नात तुमी कूलर समदे नवरीच्या आंगाले लावले होते."

"नाही हो, दोन्हीकडे होते."

"आमच्याकडचा निरी हवा फेकत होता. पानी कोन टाकन त्याच्यात? मे महिना, अन् आमचे अकोल्याचे पाव्हने वरातीतून आलेले. माहा भाऊ तं गश येऊन पडला."

"चुकलंच ते," सर म्हणाले आणि किंचित उठले. "मी जरा पुढं..."

"अन् मठ्ठा."

सर बसले.

मठ्ठा अकोल्याच्या पंगतीला पुरला नव्हता. मग फोटोग्राफरचा विषय निघाला. त्याने केशरबाईंचा धड एकच फोटो काढला होता, आणि त्यात त्यांचे डोळे मिटलेले. मग अल्बम उशिरा आला तो. अल्बमनंतर, अमरावतीची माणसं बोलायला गोड पण हात आखडता, हा सर्वसाधारण सिद्धांत. सर दर वेळी उठू लागत आणि दर वेळी नवा मुद्दा निघे. दारापलीकडची गर्दी दाट होत होती, पातळ होत होती. एकदा ती अगदी विरळ झाली. सरांना चौकटीचा कोपरा दिसला, नुसता कोपरा. तेवढ्यात केशरबाईंनी आहेराच्या साडीचा रंग काढला.

मग घंटेसारखा काहीतरी आवाज झाला आणि इंग्रजीत सूचना आली, की म्युझियम बंद होत आहे.

सर ताडकन उठले. "बाई, गुडघा बरा आहे का? चालता येईल?"

केशरबाई त्यांच्याआधी उभ्या होत्या. "माह्या गुडघ्याले काय धाड भरली? मले वाटलं तुमीच थकले. चालता चालता थांबले तुमी, तोंड कसनुसं झालं. पोरीचा बाप, तो काही सांगनार नाही. म्हनून म्याच म्हटलं, आपन बसाव. तं तुमी उठाचं नावच घेईना!"

सरांनी त्यांच्याकडे पाहिलं. बोलण्यासारखं बरंच होतं, आणि त्यातलं एकही विहिणीला बोलण्यासारखं नव्हतं. ते वळले आणि या वयात, आणि म्युझियममध्ये, पळाले.

दालनात गणवेशातला माणूस दोन्ही हात पसरून लोकांना हलक्या आवाजात बाहेर काढत होता. चित्रापुढे शेवटच्या क्षणी फोटो काढणाऱ्यांची भिंत. सर टाचा उंचावून उभे राहिले. डोकी, टोप्या, वर धरलेले मोबाइल, आणि त्या सगळ्यांच्या वर एक दिवा. तो पिवळा होता. तेवढं नक्की. हात दिसले नाहीत. त्या माणसाने नम्रपणे सरांच्या कोपराला स्पर्श केला आणि सर निघाले. तिथेही त्यांना 'नाही' म्हणता आलं नाही.

मागून केशरबाई येत होत्या. "झालं का पाहून? आता मले सूर्यफुलं दाखवा. तेवढ्यासाठीच आली मी. आमच्या बाळापूरच्या वावरात लावले होते आमी एक साल." सूर्यफुलांचं दालनही बंद झालं होतं. केशरबाईंनी सरांकडे अशा नजरेने पाहिलं, की लग्नाच्या मुद्द्यांत आज एकाची भर पडली हे त्यांना समजलं.

बाहेर दीक्षाने विचारलं, "बाबा, बघितलं ना?" सर म्हणाले, "हो." म्हणजे खोटी साक्ष कायम.

अमरावतीला परतल्यावर आठवडाभर भेटायला येणाऱ्यांना चॉकलेटं देणं झालं. शेजारच्यांनी विचारलं, म्युझियम कसं होतं. सरांनी सांगितलं, "मोठं होतं." मग एका दुपारी त्यांनी जुना ड्रॉइंग बोर्ड काढला, कागद लावला आणि पेन्सिलीला टोक केलं. एलिमेंटरीला स्मरणचित्र असतं. त्याचा नियम सर वर्गाला सांगत: जे पाहिलं तेवढंच काढायचं, जे माहीत आहे ते नाही. त्यांनी पाठमोरी डोकी काढायला घेतली. टोप्या, मोबाइल धरलेले हात. वर मध्यभागी दिवा.

मैनाबाई चहा ठेवायला आल्या आणि वाकून बघू लागल्या. "हे काय, बडनेऱ्याचं स्टेशन हाय का?"

"म्युझियम आहे."

"मंग चित्र कुठं हाय?"

"त्या लोकांच्या पुढं."

मैनाबाईंनी आणखी एकदा पाहिलं आणि चहाचा कप बोर्डापासून दूर सरकवला. आतल्या खोलीत फोन वाजला. त्या जाऊन आल्या आणि हात फोनवर दाबून कुजबुजल्या, "अकोल्याच्या इहीनबाई हायेत. म्हनतात, सूर्यफुलाचं काहीतरी बोलाचं हाय इवायांशी. आत्ताच."

सरांनी पेन्सिल खाली ठेवली नाही. दिव्याभोवतीचा उजेड कुठपर्यंत पडला होता ते आठवत ते म्हणाले, "त्याइले सांग, सरचा तास सुरू आहे."

"अहो, इहीनबाई हायेत!"

"तेच सांग."